लोडाला टेकलेला सरदार

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले की यवतमाळात एक सकाळ अशी येते, की नळाखाली हात धरवत नाही. आदल्या दिवसापर्यंत पंखा चालू असतो आणि त्या सकाळी शेजारपाजारच्या गच्च्यांवर एकदम रजया दिसू लागतात. यंदा ती सकाळ आज आली. मीही माझी गादी दोन्ही हातांनी कवटाळून जिना चढले आणि उन्हात पसरली. तासाभरात ती तापली, फुगली आणि तिला वास सुटला. धुळीचा, थोडा सरकीच्या तेलाचा, थोडा ओल्या पाल्याचा. खोळीची शिवण एका जागी उसवली होती. आतली रुई पांढरी नव्हती, चहा सांडून वाळलेल्या कपड्यासारखी पिवळट होती. ज्या साली ही गादी भरली, त्या साली आमच्याकडे पांढरी रुई दिसतच नव्हती.

त्या साली पाऊस थांबायला तयार नव्हता. आधी हिरवी बोंडं झाडावरच सडली, मग उरलेल्यांत गुलाबी अळी शिरली. त्याआधीच्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे बाजार बंद, म्हणून लोकांच्या घरात आढ्यापर्यंत कापूस साठलेला. माणसं त्याच्याच कडेला झोपत आणि रात्रंदिवस अंग खाजवत. तो कसाबसा निघाला, तर नवा आला तो डागाळलेला. अशा कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. व्यापारी गाडीत हात घालायचा, मूठभर कापूस बाहेर काढून उजेडात धरायचा आणि काही न बोलता परत ठेवायचा. मग तोच कापूस सरकी काढून, गाठोडी बांधून दिग्रसला आमच्या दुकानात यायचा. लोक म्हणत, "कोणी घेऊन नाही राह्यलं, तं आता आपणच झोपतो याच्यावर."

आमचं दुकान म्हणजे अब्बांची पिंजायची मशीन, गाद्या भरायला एक मोठा चौथरा आणि खोळी शिवायला अम्मीचं शिलाई मशीन. अब्बा घरात आमच्या हिंदीत बोलत, दुकानात मात्र गिऱ्हाइकांशी आणि आमच्याशीही वऱ्हाडीत. मशीन सुरू झाली की दुकानात धुकं पडल्यासारखं होई. भुवयांवर, पापण्यांवर, चहाच्या सायीवर तंतू बसत. अब्बा जन्मभर नाकाला फडकं बांधून काम करत आले होते. त्या साली करोनामुळे सगळ्या गावानेच तोंड बांधलं, तेव्हा शेजारचे सायकल दुरुस्तीवाले अन्वरचाचा म्हणाले, "घ्या! आता सगळं दिग्रस पिंजारी झालं."

मी त्याच्या आदल्याच वर्षी बी. ए. झाले होते. आमच्या घरातली पहिली. निकाल लागला तेव्हा अब्बांनी मशीन बंद करून अर्धा बाजार हिंडून पेढे वाटले. नंतर मात्र सगळंच बंद पडलं. ज्यांनी पेढे खाल्ले तेच विचारू लागले, "मग? आता काय करून राह्यली तुमची नसरीन?" अब्बा सांगत, "ऑनलाइन हाय." या उत्तराने समोरचा गप्प होई, कारण याचा अर्थ काय ते त्यालाही माहीत नसे आणि अब्बांनाही नसे.

ऑनलाइन म्हणजे काय होतं ते सांगते. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या सरांनी आमच्या जुन्या ग्रुपवर एक लिंक टाकली होती. मुंबईतल्या एका कलासंग्रहालयाने दारं बंद असल्यामुळे दर रविवारी चार वाजता एक कार्यक्रम सुरू केला होता. एक चित्र, एक तास, मराठीतून, कोणीही यावं. मी आयुष्यात संग्रहालय पाहिलं नव्हतं. संग्रहालयात तलवारी असतात एवढंच माहीत होतं. घरात पत्र्यामुळे नेट मिळत नसे, म्हणून मी दुकानात, भरलेल्या गाद्यांच्या थप्पीवर चढून बसले आणि लिंक उघडली.

पडद्यावर चौकोनांत माणसं होती. कार्यक्रम चालवणाऱ्या मॅडमनी नमस्कार केला आणि एक चित्र आणलं. मग त्या काही बोलेचनात. कोणीच बोलेना. मला वाटलं, नेट गेलं. मी फोन खिडकीकडे धरला, बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. शेवटी कळलं की सगळे जण मुद्दाम गप्प बसून चित्र बघत होते. तीन मिनिटं. कोणत्याही गोष्टीकडे तीन मिनिटं नुसतं बघायचं असतं हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या मिनिटात मला त्या चित्रात एक हत्ती दिसला. तिसऱ्या मिनिटात हत्तीच्या पायाजवळ बसून चप्पल दुरुस्त करणारा माणूस दिसला.

मॅडमची पद्धत वेगळी होती. चित्र कोणाचं, कोणत्या काळातलं, हे त्या शेवटी सांगत, कधी सांगतही नसत. त्या फक्त विचारत, "काय दिसतंय?" कोणी काही म्हटलं की पुढचा प्रश्न, "तुम्हाला असं कशावरून वाटतं?" सांगलीच्या एक बाई मटार सोलत सोलत बोलत. पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांच्या खांद्यावर मांजर असे. मी बोलत नसे, पण बघत असे. चित्र दोन बोटांनी मोठं करता येई. प्रत्यक्ष संग्रहालयात दोरीच्या अलीकडे उभं राहणाऱ्यालाही दिसणार नाही इतकं जवळून मला सरदारांच्या कानातले मोती दिसत आणि मोत्यावरचा उजेडाचा ठिपकाही दिसे. मात्र एक गोष्ट अजिबात कळत नसे, ती म्हणजे चित्राचा आकार. एकदा हत्तीचं ते चित्र प्रत्यक्षात केवढं आहे हे दाखवायला मॅडमनी त्याच्या शेजारी हात ठेवलेला फोटो दाखवला. माझ्या मनात ते दरवाजाएवढं होतं. निघालं शाळेच्या वहीएवढं. मग तो चप्पल दुरुस्त करणारा केवढा असेल? तांदळाच्या दाण्याएवढा? त्याला काढताना चित्रकाराने श्वास धरून ठेवला असेल का? गिऱ्हाइकांच्या खोळी मोजताना माझ्या डोक्यात हेच चालू असे.

थंडी पडायला लागली तेव्हा मॅडमनी जाहीर केलं की शहरांबाहेरच्या लोकांसाठी असे कार्यक्रम चालवायला त्यांना मराठीत बोलणारं एक माणूस हवंय. इच्छुकांनी एका रविवारी पंधरा मिनिटं कार्यक्रम चालवून दाखवायचा. अट एकच. ज्यांनी कधी संग्रहालय पाहिलेलं नाही अशी आपल्या ओळखीची पाच माणसं सोबत आणायची. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की मी ते घरात बोलूनही दाखवलं नाही. पदवी घेतल्यावर पहिल्यांदाच असं काहीतरी दिसलं होतं, जे मला यावंसं वाटत होतं.

पाच माणसं मिळवणं सोपं गेलं. अब्बा, अम्मी, अन्वरचाचा आणि रजई भरून घ्यायला तांड्यावरून आलेल्या शेवंताबाई आणि त्यांची सून. शेवंताबाई बंजारा, अब्बांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या शेतातला कवडी कापूसच रजईत जायचा होता. त्यांना म्हटलं, "मावशी, रजई होईस्तोवर एक चित्र पाहता का?" त्या म्हणाल्या, "पाह्यतो ना वो. बसून तं राह्यलोच हाय."

मॅडमनी मला दिलेलं चित्र असं होतं. गच्चीवर गालिचा. त्यावर एक सरदार, पट्ट्यापट्ट्यांच्या लोडाला टेकून हुक्का ओढतोय. मागे पंखा घेतलेली एक बाई. त्यामागे बाग. मी आठवडाभर त्या चित्रशैलीबद्दल मिळेल ते वाचलं होतं. फोन शिलाई मशीनला टेकवला. पलीकडे मॅडम आणि चाळीसेक माणसं होती.

तीन मिनिटांची शांतता अन्वरचाचांना सोसवली नाही. "ही हुक्क्याची नळी पाह्य. कायची असंल? याच्यात पंक्चर झालं तं काढते कोन?"

मॅडमकडचे सगळे हसले. मी घाबरले, पण विचारलं, "चाचा, कुठं दिसून राह्यलं तुम्हाले पंक्चर?"

"दिसत नाही, म्हनून तं इचारून राह्यलो. धूरच नाही ना कुठं."

खरंच धूर नव्हता. मी इतकी वाचून आले होते आणि हुक्क्याला धूर नाही हे मला दिसलं नव्हतं.

शेवंताबाईंनी पंख्यावाल्या बाईकडे बोट केलं आणि आपल्या बोलीत आईच्या नावाने उद्गार काढला. "याडी ये! हिचा घागरा पाह्य. काचा लावल्या हायेत म्हणते, पन टाका कुठं हाय? बाजूनं टाका नाही तं काच पडंन खाली. हे काढनाऱ्यानं कधी सुई धरली नाही."

"आन् हात पाहा तिचा," सून पहिल्यांदाच बोलली. "कवाची पंखा धरून उभी हाय. तिले बस म्हनलं नाही कोनी."

मी प्रत्येकाला विचारत होते, कशावरून, कुठं, अजून काय. सगळं चांगलं चाललं होतं. फोनमध्ये मॅडम पुढे झुकून ऐकत होत्या. मग अब्बा नाकावरचं फडकं खाली ओढून म्हणाले, "हा मानूस लोडाले टेकलाच नाही."

"म्हणजे?" अम्मीने विचारलं.

"टेकला नाही. लोड कोरा हाय."

आणि मी चटकन म्हणाले, "अब्बा, तसं नसतं. त्या काळच्या शैलीत वजन दाखवायची पद्धतच नव्हती. ते चित्र आहे, फोटो नाही."

"बरं," अब्बा म्हणाले. फडकं परत नाकावर ओढून ते उठले. "दार लोटतो. रुई उडून राह्यली."

पंधरा मिनिटं संपली. मॅडमनी सगळ्यांचे आभार मानले. नंतर मला फोन करून त्या म्हणाल्या, "छान केलंस. लोक मोकळं बोलले. शेवटी मात्र तू उत्तर देऊन टाकलंस." आणि फोन ठेवता ठेवता, "पुढच्या रविवारनंतर कळवते."

त्या आठवड्यात मी किती गाद्यांना टाके घातले असतील देव जाणे. बोटं दुखत होती आणि डोक्यात एकच होतं. चाचांना मी विचारलं, शेवंताबाईंना विचारलं, त्याआधी कधी न भेटलेल्या त्यांच्या सुनेला विचारलं. अब्बांनाच का सांगितलं? आज, इतक्या दिवसांनी, तापलेल्या गादीवर बसून विचार करते तेव्हा वाटतं, आमच्या शाळेत प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असे. न येणाऱ्यानेच उभं राहायचं. अब्बांना सगळ्यांसमोर उभं करायचं नव्हतं मला. म्हणून त्यांचा पेपर मीच लिहून टाकला. पण हे निम्मंच खरं. उरलेलं निम्मं असं की चाळीस माणसांसमोर माझे वडील चुकतील याची मला भीती वाटली. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

बुधवारी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. अब्बा एक लोड भरत होते. मी जवळ जाऊन बसले.

"अब्बा, त्या दिवशी तुम्ही म्हणालात लोड कोरा हाय. कशावरून?"

"तुले तं माहीत हाय ना. पद्धत नव्हती."

"अब्बा."

ते हसले नाहीत, पण हातातली काठी खाली ठेवली. "बस. टेक." मी नव्या लोडाला टेकले. "आता उठ. हळू." मी उठले. त्यांनी बोटाने दाखवलं, "इथं खड्डा. खड्ड्यातली रुई जाईन कुठं? इथं बाजूले फुगली. आन् हे पाह्य." खोळीवर निळे पट्टे होते. जिथे मी टेकले होते तिथे ते पोट आत घेतल्यासारखे वाकले होते. "तुह्या सरदाराचे पट्टे पाह्य."

मी फोन काढला, चित्र मोठं केलं. पट्टे पट्टीने आखल्यासारखे सरळ होते. सरदाराच्या कोपराखालीसुद्धा सरळ. मी दहा दिवस ते चित्र बघत होते. मोत्यांवरचे ठिपके मोजले होते. पण अर्ध्या चित्रात पसरलेल्या लोडाकडे मी एकदाही बघितलं नव्हतं, कारण लोडात बघायचं काय असतं? आमच्या घरी ढिगाने लोड होते.

मी तिथेच मॅडमना लिहून पाठवलं. चुकले हेही लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं, "तीन दिवस मी त्या लोडाचाच विचार करतेय. रविवारी वडिलांना घेऊन ये. निवडीचं नंतर बघू."

रविवारी अब्बांनी नवा सदरा घातला आणि वरून रुईचे तंतू चिकटलेली जुनी टोपी. चौथऱ्यावर लोड. मी फोन धरला. मॅडमनी चित्र आणलं, मग अब्बांना विचारलं, "काका, दाखवता का?" अब्बा बोलायला लागले आणि मी थक्क झाले, कारण ते गिऱ्हाइकाशी बोलावं तसंच बोलत होते. "सगळ्यायनं आपापली उशी घ्या. घ्या, घ्या. फोमची असंल तं राहू द्या, ते लगेच विसरते." चाळीस चौकोनांत हालचाल सुरू झाली. कोणी आत जाऊन उशी आणली, कोणी गालिच्यावरचा तक्क्या ओढला. सांगलीच्या बाईंनी मटार बाजूला ठेवले. पुण्याच्या गृहस्थांची उशी मांजराने आधीच व्यापली होती. मग सगळी माणसं एकदम टेकली आणि एकदम उठली. वेगवेगळ्या गावांतली माणसं वाकून आपापल्या उशीतला खड्डा बघत होती. मला आजही ते दृश्य आठवलं की हसू येतं.

पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "कदाचित चेहरा एकाने काढला असेल आणि लोड दुसऱ्याने. सरदार निघून गेल्यावर."

"तसं असू शकतं का मॅडम?" कोणीतरी विचारलं.

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. मी चमकले. इतक्या शिकलेल्या माणसाने हे असं सहज, हसत म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

अब्बा डोकं खाजवत होते. "मीबी चुकत असंन. सरदाराचं घर, रुई नवी, पिंजारी घाबरलेला. ठोसून ठोसून भरला असंल तं खड्डा पडतच नाही. पन मग..." ते हसले, "मग त्याची पाठ दुखत असंल बापा. तोंड पाहा त्याचं."

सगळ्यांनी सरदाराचं तोंड पाहिलं. ते जरा त्रासलेलं होतंच.

हसू ओसरल्यावर अब्बांनी विचारलं, "मॅडम, हे चित्र आता भिंतीवर हाय काय?"

"नाही काका. सध्या खाली भांडारात. कपाटाच्या खणात, आडवं ठेवलेलं."

"आडवं म्हणजे झोपवलेलं. कायच्यावर?"

"खाली मऊ असं काहीतरी असतं. पांढरं."

"रुई की फोम?"

कोणीतरी हसायला लागलं आणि थांबलं. "मी रोज त्या खणातनं चित्रं काढते," मॅडम हळूच म्हणाल्या. "कधी बघितलंच नाही." मग त्या खुर्ची मागे सारून उठल्या. त्या दिवशी त्या संग्रहालयातल्या आपल्या ऑफिसात बसल्या होत्या. "भांडारात फोन नेता येत नाही. जाऊन बघून येते, दहा मिनिटं लागतील. नसरीन, तोवर तू बघ यांच्याकडे."

त्यांनी काहीतरी दाबलं. त्यांच्या चौकोनात रिकामी खुर्ची उरली, जरा वेळ हलणारी. माझ्या नावापुढे होस्ट असा शब्द आला. चाळीस चेहरे माझ्याकडे बघत होते. मी काही पाठ करून आणलं नव्हतं. मला काही येतही नव्हतं. अब्बा लोड मांडीवर घेऊन बसले होते, मदत करण्याचा त्यांचा काही विचार दिसत नव्हता.

सांगलीच्या बाईंनी हात वर केला. माझ्या आईच्या वयाच्या असतील.

"ताई," त्या मला म्हणाल्या, "बोलू का?"

"बोला," मी म्हटलं.